रिव्हेटची दोन भोके

मामांची मॉरिस मायनर माझ्याकडे आली तेव्हा तिच्या कागदांत १९५९ साल होते आणि इंजिन क्रमांकाच्या रकान्यात ९४८ सीसीच्या मायनरला शोभेल असाच क्रमांक होता. गाडी मात्र त्या क्रमांकाशी जुळत नव्हती. चढावर, जिथे ३७ अश्वशक्तीच्या गाडीने तिसरा गिअर मागायला हवा, तिथे ती चौथ्यातच शांतपणे वर जात असे, आणि सपाट रस्त्यावर मात्र तिचे इंजिन उगाचच जास्त फेरे घेत असे. पहिल्या महिन्यात मी याचे श्रेय मामांनी ठेवलेल्या निगेला दिले. मग क्लचमध्ये तेल उतरू लागले, इंजिन बाहेर काढणे भाग पडले, आणि डायनामो सोडवल्यावर त्याच्या वरच्या बाजूला, ब्लॉकच्या अंगावर जिथे क्रमांकाची छोटी पाटी असायला हवी, तिथे मला रिव्हेटची दोन भोके दिसली. पाटी नव्हती.

एखाद्या जुन्या गाडीत निनावी बदली इंजिन निघणे यात मुळीच नवल नाही. इंजिन हा झिजणारा भाग आहे आणि त्या काळातल्या कारखान्यांनी तो तसाच मानला होता. मॉरिस बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची, म्हणजे बीएमसीची, ‘गोल्ड सील’ इंजिने याच विचारातून आली: जुने इंजिन द्यायचे, त्या बदल्यात कारखान्याने नव्यासारखे करून सोनेरी रंगात रंगवलेले इंजिन घ्यायचे. अमेरिकेत शेव्हरोलेच्या हमीत बदलून दिलेल्या ब्लॉकवर ‘सीई’ ही अक्षरे ठोकलेली आढळतात, पण सुट्या भागांच्या खिडकीवरून विकलेले कित्येक ब्लॉक कोरेच गेले, कारण ते कोणत्या गाडीत बसणार हे कारखान्याला ठाऊक नव्हते आणि क्रमांक ठोकण्याचे काम बसवणाऱ्यावर सोपवलेले होते. बसवणाऱ्याने ते केले किंवा केले नाही. म्हणून कोरी जागा दिसली की लगेच चोरीचा संशय घेणे अन्यायाचे आहे. पण ती जागा कोरी जन्मली की कोरी केली गेली, हा प्रश्न मात्र पहिल्यांदा विचारावाच लागतो. शेव्हरोलेच्या व्ही-८ ब्लॉकवर उजव्या हेडच्या पुढे क्रमांकासाठी जो सपाट ओटा असतो, त्यावर कारखान्यातल्या यंत्राने लांबीच्या दिशेने ओढलेल्या बारीक समांतर रेघा असतात. रेघा शाबूत आणि आकडे नाहीत, तर तो ओटा कोराच आला. रेघाही नाहीत, तर कोणीतरी तिथे कानस, ग्राइंडर किंवा पृष्ठभाग सपाट करणारे यंत्र चालवले आहे, आणि त्यामागे हेड बसण्याची बाजू प्रामाणिकपणे सपाट करून घेण्यापासून ते लबाडीपर्यंत काहीही असू शकते.

माझ्या ब्लॉकवर ओटा नव्हता, दोन भोके होती, आणि त्यांतल्या एकात रिव्हेटचा तुटका देठ अजून अडकलेला होता. म्हणजे पाटी होती. ती नंतर निघाली, किंवा काढली गेली.

त्या दिवशी मला पहिला मोह झाला तो तारेचा ब्रश लावून ब्लॉक लख्ख करण्याचा. तो मी आवरला याचे मला आजही समाधान वाटते, कारण या शोधातला सगळ्यात बोलका पुरावा त्या घाणीखालीच होता. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने मी फक्त तेलकट थर पुसला आणि टॉर्च ब्लॉकच्या अंगाला जवळजवळ टेकवून, आडवा प्रकाश टाकला. समोरून पडलेला प्रकाश ओतीव लोखंडावरची उंचसखल नाहीशी करतो. आडवा प्रकाश तिला सावली देतो. त्या सावलीत भोकांच्या भोवती एक पुसट चौकट उमटली, आगपेटीच्या झाकणापेक्षा थोडी लहान. वरचा काळा रंग सगळीकडे सारखा होता, पण चौकटीच्या काठावर तो किंचित खाली उतरत होता.

ब्लेडच्या टोकाने मी चौकटीच्या बाहेर एक तांदळाएवढी जागा खरवडली. काळ्याखाली हिरवा रंग निघाला आणि हिरव्याखाली सोनेरी. मग चौकटीच्या आत तेवढीच जागा खरवडली. तिथे काळ्याखाली थेट सोनेरी होता. हिरवा मधून गायब होता.

हे मी बराच वेळ पाहत बसले. रंगाच्या तीन थरांनी जे सांगितले ते कोणत्याही कागदात नव्हते. इंजिन आधी सोनेरी रंगले. त्या सोनेरी रंगावर पाटी बसली, म्हणून पाटीखालचा सोनेरी शाबूत राहिला. पाटी जागेवर असतानाच कोणीतरी इंजिन हिरवे रंगवले, मायनरच्या इंजिनाचा नेहमीचा रंग गडद हिरवा असतो म्हणून, आणि पाटीखाली हिरवा पोहोचला नाही. पुढे पाटी निघाली. त्यानंतर काळा रंग आला आणि त्याने उघडी पडलेली चौकटही झाकली. यातला सोनेरी थर ब्लॉकच्या मागच्या पोलादी पत्र्याखाली आणि गोल बुचांच्या खाचेतही सापडला, म्हणजे इंजिन पूर्ण खोललेले असताना तो दिलेला होता. सोनेरी रंगाचा डबा कोणालाही विकत मिळतो, त्यामुळे एवढ्यावर गोल्ड सील म्हणून शिक्कामोर्तब करणे धाडसाचे होईल. पण गाडीत बसलेल्या इंजिनावर कोणी हौसेने मारलेला तो रंग नव्हता, इतके निश्चित झाले.

पाटीवर काय लिहिले होते याबद्दल माझा एक अंदाज आहे. बदली इंजिन बसवताना जुन्या इंजिनाची पाटी काढून नव्यावर बसवण्याची पद्धत होती, म्हणजे नोंदणीतला क्रमांक आणि गाडीतला क्रमांक जुळत राहत. कागदांतला ९४८ सीसीचा क्रमांक आणि हिरव्या थरापूर्वी बसलेली पाटी यांची सांगड अशी लागते. पण अंदाज तो अंदाज, आणि इंजिन कोणते आहे हे ठरवण्याच्या कामी तो येत नाही. त्यासाठी लोखंडाकडेच जावे लागते.

लोखंडाच्या साक्षीतही दर्जे आहेत. जे भाग पान्याने सुटतात त्यांची साक्ष सर्वांत कच्ची, हे मान्य करायला मला वेळ लागला, कारण तेच भाग सर्वांत आधी डोळ्यांत भरतात आणि त्यांच्यावरच सुंदर, ठसठशीत आकडे असतात. मायनरमध्येही असलेली बीएमसीची ए-सीरीज इंजिने १९५१ मध्ये ऑस्टिन ए-३० बरोबर आली आणि २००० साली मिनीचे उत्पादन थांबेपर्यंत बनत राहिली. या जवळजवळ अर्धशतकात तिचे हेड, मॅनिफोल्ड, कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर सहज जात राहिले. १२जी२९५ हा ओतकामाचा क्रमांक असलेले हेड मिळाले म्हणून कोणाचे इंजिन कूपरचे, म्हणजे वेगवान मिनीचे, ठरत नाही. कोणीतरी चांगले हेड शोधून बसवले, एवढेच ठरते. माझ्या इंजिनावर यांत्रिक पेट्रोल पंपाच्या जागी झाकणपट्टी होती आणि मायनरला विजेवर चालणारा एसयू पंप असतो, तेव्हा हे इंजिन यांत्रिक पंप असलेल्या ऑस्टिन ए-३५ सारख्या गाडीतून आले असावे असा एक आकर्षक तर्क मी दोन दिवस बाळगला. मग लक्षात आले की झाकणपट्टी दोन नटांनी बसते आणि दोन नटांनी निघते. तर्क सोडून दिला.

ओतकामात उठून आलेली अक्षरे त्याहून पक्की, कारण ती साच्यातून ब्लॉकबरोबरच जन्मतात. पण तीही नीट वाचावी लागतात. फोर्डच्या १९६० च्या दशकातल्या भागांवर ‘सी५एई-६०१५’ असे काही असते. त्यात ‘सी’ म्हणजे साठचे दशक, ५ म्हणजे १९६५, आणि ६०१५ म्हणजे ब्लॉक. वाचणारा लगेच समजतो की इंजिन १९६५ चे आहे. वास्तविक तो आराखड्याचा काळ आहे, ओतण्याचा नव्हे, आणि तोच आराखडा पुढे काही वर्षे ओतला जाऊ शकतो. शेव्हरोलेचा ३९७००१० हा ब्लॉक तर १९६९ साली ३०२, ३२७ आणि ३५० घनइंच अशा तीन वेगवेगळ्या इंजिनांत गेला. तिन्हींचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ४ इंच. फरक फक्त क्रँकच्या स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरखाली जाण्याच्या अंतरात: ३, ३.२५ आणि ३.४८ इंच. म्हणजे ब्लॉकवरचा आकडा अगदी खरा असूनही तो इंजिनाचा आकार सांगू शकत नाही, कारण आकाराचा अर्धा भाग ब्लॉकच्या आत, दुसऱ्याच एका घटकात दडलेला असतो.

माझ्या ब्लॉकच्या बाजूला, रंगाच्या थरांनी जवळजवळ बुजलेले, काही उंचवटे होते. त्यांच्यावर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी घासली तेव्हा ११०० हा आकडा कागदावर उतरला. ९४८ च्या ब्लॉकवर ९५० असायला हवे होते. १९६२ पासून मायनरला १०९८ सीसीचे, ४८ अश्वशक्तीचे इंजिन मिळू लागले, आणि चढावर मला जे जाणवत होते त्याचे उत्तर या चार आकड्यांत होते. बाजूला टॅपेटची दोन झाकणेही जागेवर होती, जी याच घराण्यातल्या १२७५ सीसीच्या नेहमीच्या ब्लॉकला नसतात. तरीही मी मोजल्याशिवाय थांबायचे नाही असे ठरवले, कारण बेअरिंगचे शेल आणि पिस्टनच्या रिंगा मागवायच्या होत्या, आणि सुटे भाग ब्लॉकच्या अंगावरचा आकडा वाचून बसत नाहीत.

स्पार्क प्लगच्या भोकातून काठी घालून स्ट्रोक मोजण्याची युक्ती मी आधी करून पाहिली होती. ए-सीरीजमध्ये प्लग हेडच्या बाजूने तिरपे बसतात, त्यामुळे काठी पिस्टनबरोबर सरळ वरखाली होत नाही आणि जे माप मिळते ते कशाचेच नसते. हेड उतरवणे हाच मार्ग होता. नऊ नटांपैकी काही नट रॉकरच्या खांबांनाही धरून असतात, तेव्हा रॉकरचा दांडा हेडबरोबरच सैल होतो. पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मी पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांत उभे ठेवले.

हेड निघाल्यावर आधी बोअर मोजला: ६५.१ मिलिमीटर. कोष्टकात पाहिले तर ९४८ चा मूळ बोअर ६२.९४ आणि १०९८ चा ६४.५८. दोन्हींपेक्षा मोठा, म्हणजे ब्लॉक कधीतरी बोअर केलेला. इथे जरा थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण या ठिकाणी माणूस सहज फसतो. ९४८ चा ब्लॉक कोणी ६० थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा केला, तर त्याचा बोअर ६४.४६ होतो, १०९८ च्या मूळ मापापासून तो फक्त ०.१२ मिलिमीटर दूर राहतो, आणि झिजलेल्या सिलेंडरमध्ये वरच्या आणि खालच्या मापांत एवढा फरक सहज पडू शकतो. एकट्या बोअरवर विसंबणारा माणूस अशा वेळी पूर्ण प्रामाणिकपणे चुकीचे इंजिन ओळखेल. स्ट्रोक मात्र झिजत नाही. ९४८ चा ७६.२, १०९८ चा ८३.७२, मधले साडेसात मिलिमीटरचे अंतर कोणतीही झीज भरून काढू शकत नाही.

गाडीबरोबर आलेले चालू करण्याचे हँडल क्रँकच्या टोकाला लावून मी पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला आणि व्हर्निअरच्या खोलीमापक काडीने दोन्ही वेळा ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापासून अंतर घेतले. पिस्टन आपल्या पिनवर किंचित डुलतो, म्हणून माप पिनच्या रेषेवरच, म्हणजे इंजिनाच्या लांबीच्या दिशेला, घ्यावे लागते; कडेला घेतले तर डुलण्याची चूक मापात मिसळते. तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा ८३.७ आले. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो वर्णन करणे अवघड आहे. गेले दीड महिना मी ज्याच्याशी बोलत होते त्याने पहिल्यांदा आपले नाव सांगितले होते.

पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन लाकडी पट्टीने काढला तेव्हा ०२० असा ठसा दिसला. २० थाऊ म्हणजे ०.५०८ मिलिमीटर, ६४.५८ मध्ये मिळवले की ६५.०९. माझे ६५.१ त्याला जुळले, आणि हिशेब केला तर इंजिन आता साधारण १११४ सीसीचे भरत होते. सम्प उतरवून मधल्या मेन बेअरिंगची टोपी काढली, तिथे क्रँकचे माप ४४.२ निघाले. १०९८ मध्ये दोन जातींचे क्रँक आढळतात. मायनरच्या इंजिनाला पावणेदोन इंचांची, म्हणजे ४४.४५ मिलिमीटरची मेन बेअरिंगे, तर एमजी मिजेटच्या १९६४ पासूनच्या १०९८ ला पूर्ण दोन इंचांची. दोन इंच निघाले असते तर सगळी गोष्ट वेगळ्या दिशेला गेली असती. इथे पावणेदोन इंचांचा क्रँक १० थाऊने घासून घेतलेला होता, आणि शेलच्या पाठीवरचे ०१० तेच सांगत होते.

गिअरबॉक्सने उरलेली बाजू स्पष्ट केली. १०९८ च्या मायनरचा गिअरबॉक्स बाहेरून कण्यांसारख्या उभारांचा असतो आणि क्लच सव्वासात इंचांचा. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गुळगुळीत होता आणि क्लच सव्वासहा इंचांचा. म्हणजे गिअरबॉक्स गाडीचा स्वतःचा, १९५९ चा, आणि ज्या कोणी मोठे इंजिन बसवले त्याने जुन्या इंजिनाचा मागचा पत्रा आणि फ्लायव्हील त्याला जोडून दोघांची गाठ घातली होती. मागचा डिफरन्शिअलही ४.५५ गुणोत्तराचाच राहिला, १०९८ च्या गाडीला ४.२२ चा असतो, म्हणून सपाट रस्त्यावरचे ते जादा फेरे. काम व्यवस्थित केलेले होते. पत्रा सरळ होता, बोल्ट योग्य लांबीचे होते, एकही जागा ठोकून बसवलेली नव्हती. तो माणूस कोण होता हे कळण्याची शक्यता नाही, पण त्याच्या हाताबद्दल माझ्या मनात आदर निर्माण झाला.

एक गोष्ट मात्र मला त्या आठवड्यात टोचत राहिली. हे इंजिन गाडीचे मूळ इंजिन असावे अशी माझी इच्छा होती, आणि ती इतकी बळकट होती की ११०० हा आकडा कागदावर उतरल्यावरही, ब्लॉक बदलला असला तरी क्रँक जुना असेल, असे काहीतरी मी स्वतःला सांगत होते. पावणेदोन इंचांचे माप हाती आले तेव्हा ‘९४८ चेही एवढेच असते’ ही माहिती मी लगेच पुढे केली, जणू तीन वेळा मोजलेला स्ट्रोक त्याने खोडला जाणार होता. मामा या गाडीबद्दल बोलत ते ‘कारखान्यातून आली तशी आहे’ असेच बोलत, आणि त्यांनीही ती दुसऱ्या हाताने घेतलेली होती. ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी डायनामो कधी सोडवला नव्हता, इतकेच. गोल्ड सीलच्या पद्धतीत जुने इंजिन कारखान्याकडे परत जात असे आणि तेही खोलून, नवे करून पुढे दिले जाई. तेव्हा या गाडीचे मूळ ९४८ त्या वाटेने गेले असेल, तर सोनेरी रंग लावून ते दुसऱ्या कोणाच्या मायनरमध्ये बसले असेल, आणि माझे हे १०९८ ही माझ्याकडे येण्यापूर्वी दुसऱ्याच कोणत्या गाडीत फिरून आले असेल. हे मनाशी आल्यावर माझी नाराजी पुष्कळ कमी झाली.

जोडणीसाठी ज्या मिस्त्रींची मदत घेतली ते या गाड्यांवर आयुष्यभर काम केलेले गृहस्थ आहेत. सगळे ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “ताई, पाटी करून घेऊ या. कागदावर जो नंबर आहे तोच ठोकू, दोन रिव्हेट मारू. गाडी तुमचीच आहे, कोणाला फसवायचं नाहीये.” त्यांचा हेतू निर्मळ होता, आणि कदाचित याच निर्मळ हेतूने कोणीतरी पहिली पाटीही बसवली असेल. पण पुढे पन्नास वर्षांनी कोणी डायनामो सोडवला आणि त्याला तिथे नवी पाटी दिसली, तर तो थर खरवडणार नाही. तो पाटी वाचेल आणि ९४८ चे पिस्टन मागवेल. मी त्यांना म्हटले, “मिस्त्री, नंबर नको. नोंदणीत बदल करून घेते, वेळ लागला तरी चालेल.” त्यांनी मान हलवली आणि विषय सोडला.

मी एका पुठ्ठ्यावर मापे लिहिली: बोअर, स्ट्रोक, क्रँकचे माप, पिस्टनवरचा आणि शेलवरचा ठसा, ब्लॉकच्या बाजूचा आकडा, रंगांचा क्रम, मोजल्याची तारीख. पेन्सिलने घासलेला तो कागदही त्याला जोडला. सुटे भाग आले आणि पहिल्याच वेळी बसले. हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने, टप्प्याटप्प्याने ४० पाउंड-फुटांपर्यंत आवळले. खरवडलेल्या दोन जागांवर मी रंग लावला नाही. गंज चढू नये म्हणून त्यांवर पातळ ग्रीज पुसले, दोन्ही भोकांतही थोडे भरले, रिव्हेटचा देठ होता तसाच ठेवला, आणि मिस्त्रींनी डायनामो पुन्हा त्याच्या जागी चढवून पट्टा ताणला.